बाजाराचा स्टार्टर

“आण्णा, शेअर विकतच नाही. लोअर सर्किट लागलंय.”

“मंजी?”

“मंजी आज ह्याच्या खाली भाव जाऊ देत नाहीत.”

“मग हाय त्या भावाला वीक.”

“घेणाराच नाही कुणी.”

“मग सरळ गिऱ्हाईक नाही म्हण की रं. सर्किट-बिर्किट कशाला?”

कळंबच्या बसस्थानकाजवळ चहाच्या टपरीवर बाप-लेकाचं हे बोलणं कानावर पडलं आणि माझा चहा गार झाला. शेअर बाजारातल्या एका किचकट नियमाची इतकी नेमकी व्याख्या मी आजवर कुठे वाचली नव्हती. ज्यांनी आयुष्यभर आडतीत सोयाबीन घातलंय त्यांना बाजार शिकवावा लागत नाही, एवढंच खरं.

लेकाच्या मोबाइलवर दोन रकाने दिसत होते. डावीकडे खरेदी, उजवीकडे विक्री. खरेदीच्या रकान्यात शून्य. विक्रीच्या बाजूला एकाच भावावर हजारो शेअर रांगेत उभे. एकाच भावाला विकणारे अनेक असले की जो आधी आला त्याचा नंबर आधी लागतो, म्हणजे अगदी रेशनच्या दुकानासारखं. हा पोरगा सकाळी उठून, जनावरांचं आवरून मग मोबाइलकडे वळलेला. रांगेत त्याच्या पुढे किती होते देव जाणे.

आपल्याकडे बहुतेक शेअरना दिवसाचा एक पट्टा ठरवून दिलेला असतो. कुणाला २ टक्के, कुणाला ५, कुणाला १०, कुणाला २०. आदल्या दिवशीच्या बंद भावापासून त्या दिवशी तेवढंच वर किंवा तेवढंच खाली जायचं. पोराच्या शेअरला ५ टक्क्यांचा पट्टा होता असं धरा. शुक्रवारी तो १०० रुपयांना बंद झाला. रोज खालची मर्यादा लागत गेली, तर सोमवारी ९५, मंगळवारी ९० रुपये २५ पैसे आणि पुढच्या शुक्रवारी ७७ रुपये ३८ पैसे. आठवडाभर भाव रोज बदललेला दिसतो, प्रत्यक्षात विक्री मात्र जवळपास होतच नाही. ज्या मोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये वायदे चालतात, त्यांना असा पक्का पट्टा नसतो. त्यांचा पट्टा १० टक्क्यांपासून सुरू होतो आणि अटी पुऱ्या होतील तसा सरकत जातो.

हे झालं एका शेअरचं. पण सगळा देशच एकदम विकायला निघाला तर?

तारीख १३ मार्च २०२०, वार शुक्रवार. करोनाच्या बातमीने जगभरचे बाजार रात्रीच कोसळले होते. मुंबईत सकाळी सव्वानऊला बाजार उघडला आणि पाच मिनिटांत निफ्टी १० टक्के खाली आला. सेन्सेक्स ३,०९० अंशांनी उतरला होता. ९ वाजून २० मिनिटांनी सगळं थांबलं. दलाल स्ट्रीटवरचा बीएसई आणि वांद्रे-कुर्ला संकुलातला एनएसई, दोन्ही. नुसते शेअर नव्हे, त्यांच्यावरचे वायदेही. मुंबईचा दलाल असो की परंड्याचा मास्तर, कुणालाही एक शेअर घेता येईना की विकता येईना.

मला नवल वाटतं ते याचं की, हा निर्णय त्या क्षणी कुणी घेतलाच नव्हता. बैठक नाही, फोन नाही, मंत्र्याची सही नाही. सेन्सेक्स आणि निफ्टी या दोहोंपैकी जो आधी १० टक्क्यांची रेघ ओलांडेल, त्याच्यामुळे दोन्ही बाजार थांबायचे, हे आधीच लिहून ठेवलेलं. ती रेघ रोज आदल्या दिवशीच्या बंद आकड्यावरून नव्याने काढली जाते. सकाळी दहा टक्क्यांची रेघ ओलांडली तर ४५ मिनिटं थांबायचं. दुपारी एक ते अडीचच्या दरम्यान ओलांडली तर १५ मिनिटं. अडीचनंतर १० टक्क्यांसाठी थांबायचंच नाही, कारण साडेतीनला बाजार तसाही उठतो. पंधरा टक्क्यांची रेघ त्याहून कडक. एकच्या आत ओलांडली तर पावणेदोन तास थांबायचं, आणि दोननंतर ओलांडली तर दिवसभराचं कामकाजच संपलं. वीस टक्के झाले की कितीही वाजलेले असोत, शटर खाली.

याला म्हणतात सर्किट ब्रेकर. नाव विजेच्या कामातून आलंय, आणि आपल्या शेतात त्याचा सख्खा भाऊ बसलेला असतो. विहिरीवरच्या लोखंडी पेटीतला स्टार्टर. लोड वाढला, मोटार गरम व्हायला लागली की आतला रिले तापतो आणि खट्‌कन ट्रिप होतो. मोटार वाचते. रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला गेलेल्या माणसाने त्या ‘खट्‌’ आवाजाला किती शिव्या घातल्या असतील! पण रिवाइंडिंगचा खर्च ज्याने एकदा भरलाय तो पुन्हा तो रिले काढून टाकत नाही.

बाजारात तापणारी तार म्हणजे उधारी. पुष्कळ जण सगळे पैसे न भरता, थोडी रक्कम दलालाकडे ठेवून मोठा सौदा करतात. त्या रकमेला मार्जिन म्हणतात. भाव पडला की मार्जिन कमी पडतं, दलालाचा निरोप येतो, ‘पैसे भरा.’ नाही भरले तर दलाल त्यांचे शेअर विकून टाकतो. त्या विक्रीने भाव आणखी पडतो, मग पुढच्याचं मार्जिन कमी पडतं, त्याचेही शेअर विकले जातात. यात कंपनी चांगली की वाईट हे बघायला कुणाला उसंत नसते. पडणारा भावच पुढच्या पडण्याचं कारण होऊन बसतो. ४५ मिनिटांत माणूस निदान बँकेतून पैसे वळते करू शकतो, आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो शांतपणे विचार करू शकतो की, ही चीज खरंच इतकी स्वस्त झाली आहे का.

खरी कसोटी थांबण्यात नसते. ती पुन्हा चालू करताना लागते.

आपल्याकडे बऱ्याच जणांनी स्टार्टरला ऑटोस्विच लावलेला असतो. लाइट आली की मोटार आपोआप चालू. अंधारात, साप-विंचवात विहिरीवर जायला नको. सोय मोठी आहे. पण एका डीपीवरच्या सगळ्याच मोटारी लाइट येताच एका दमात उठतात, सुरू होताना मोटार नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, आणि डीपी जळते. मग ऐन हरभऱ्याच्या पाण्यात गावाला पंधरा दिवस अंधार. म्हणून तर ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं महावितरण कानीकपाळी ओरडत असतं.

बाजाराने हा धोका ओळखलेला आहे. ४५ मिनिटं संपली म्हणून लगेच पहिल्यासारखी खरेदी-विक्री सुरू होत नाही. आधी १५ मिनिटं फक्त बोल्या गोळा करतात. कुणाला काय भावाने किती घ्यायचंय, काय भावाने किती विकायचंय हे प्रत्येकाने सांगायचं. सौदा मात्र एकही होत नाही. नंतर संगणक सगळ्या बोल्या समोर मांडून एकच भाव शोधतो, ज्या भावाला जास्तीत जास्त माल हात बदलेल तो.

हे कसं होतं ते आपल्या मालावरच पाहू. आकडे केवळ हिशेबासाठी घेतलेत. तीन शेतकरी आहेत. पहिला म्हणतो, ४,००० मिळाले तरी माझी १०० पोती घ्या. दुसऱ्याची २०० पोती, पण ४,२०० च्या खाली देणार नाही. तिसऱ्याची ३०० पोती, त्याला ४,५०० हवेत. खरेदीदारही तीन. एकाला १५० पोती हवीत, तो ४,६०० पर्यंत जाईल. दुसऱ्याला २०० पोती, ४,२०० पर्यंत. तिसऱ्याला २५० पोती, पण ४,००० च्या वर दमडी देणार नाही. आता भाव ४,००० ठरवला तर घेणारे ६०० पोत्यांचे आणि देणारा एकटा पहिला. १०० पोती विकली जातील. ४,५०० ठरवला तर तिघेही शेतकरी तयार, पण घेणारा एकच, १५० पोत्यांचा. आणि ४,२०० ठरवला तर? पहिल्या दोघांची मिळून ३०० पोती विक्रीला, पहिल्या दोन खरेदीदारांची ३५० पोत्यांची मागणी. ३०० पोती उठली. म्हणून भाव ४,२००. गंमत बघा, जो ४,००० ला द्यायला तयार होता त्याच्याही हातात ४,२०० पडले, आणि जो ४,६०० मोजायला निघाला होता त्याचेही ४०० वाचले. घाबरून पडेल भावात विकायला निघालेला माणूस इथे त्याच्या घाबरटपणाची पूर्ण किंमत मोजत नाही. मला विचाराल तर सर्किट ब्रेकरमधला सगळ्यात देखणा भाग हाच आहे, आणि बातम्यांत नेमका त्याचाच उल्लेख नसतो.

तर १३ मार्चला ९.२० ला थांबलेला बाजार १०.०५ ला बोल्या घ्यायला लागला आणि १०.२० ला पूर्ण उघडला. संध्याकाळी सेन्सेक्स कुठे होता? ३४,१०३ वर. आदल्या दिवशीपेक्षा १,३२५ अंश वर! म्हणजे थांब्याच्या क्षणापासून सुमारे ४,४०० अंशांची चढण, एका दिवसात. सकाळी ज्यांचा जीव टांगणीला लागला होता, तेच आता ‘विकलं असतं तर मेलो असतो’ म्हणत होते.

लगेच टाळ्या वाजवू नका. दहाच दिवसांनी, २३ मार्चच्या सोमवारी, जनता कर्फ्यूच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास पुन्हा तीच रेघ ओलांडली गेली. तोच थांबा, त्याच बोल्या. बाजार उघडला आणि आणखी खाली गेला. सेन्सेक्स दिवसअखेर ३,९३४ अंश गमावून २५,९८१ वर बंद झाला, १३ टक्क्यांहून जास्त घसरण. स्टार्टर ट्रिप झाल्याने विहिरीचं पाणी वाढत नसतं. भाव कुठे जावा हे हा नियम ठरवत नाही, तिथे जाताना धडधड होऊ नये एवढंच बघतो.

आणि धडधड वर जातानाही होते. १८ मे २००९ ला, लोकसभेचे निकाल लागल्यानंतरच्या सोमवारी, बाजार उघडताक्षणी इतका उसळला की वरची मर्यादा लागून थांबला. पुन्हा उघडला, काही क्षणांत पुन्हा उसळला, आणि दिवसभरासाठी बंद. सेन्सेक्स २,११० अंशांनी वर. दिवसभरात जेमतेम मिनिटभराचा व्यवहार झाला असेल. त्या दिवशी विकणारा सापडत नव्हता. टपरीवरच्या आण्णांच्या भाषेत, माल नाही म्हण की.

नियम नव्हते तेव्हा काय होत होतं? १९८२ च्या एप्रिलअखेरीस रिलायन्सच्या शेअरवरून तेजीवाले आणि मंदीवाले असे भिडले की मुंबईचा बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. बाजार किती दिवस बंद राहील, कोणत्या अटीवर उघडेल, हे त्या तीन दिवसांत बंद दाराआड ठरत होतं. ज्याची आत ओळख त्याला आधी कळणार, ही शंका अशा वेळी कुणाच्याही मनात येतेच.

लिखित नियमाची कल्पना आली अमेरिकेतून. १९ ऑक्टोबर १९८७ च्या सोमवारी तिथला डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. त्याच्या चौकशीनंतर पुढच्या वर्षी तिथे सर्किट ब्रेकर बसले. आपल्याकडे बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने संपूर्ण बाजारासाठीची १०, १५ आणि २० टक्क्यांची पद्धत २ जुलै २००१ पासून लागू केली. सुरुवातीला थांबे याहून लांब होते आणि रेघाही तीन महिन्यांतून एकदाच काढल्या जायच्या. १७ मे २००४ ला एकाच दिवशी दोनदा बाजार थांबला, तो याच जुन्या नियमाखाली.

रिले कधी उशिराही पडतो. ५ ऑक्टोबर २०१२ ला एका दलाली पेढीकडून सुमारे ६५० कोटी रुपयांच्या ५९ चुकीच्या ऑर्डर गेल्या, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निफ्टी साडेपंधरा टक्के खाली. दहा टक्क्यांवर थांबायला हवं होतं, पण यंत्रात आधीच शिरलेल्या ऑर्डरी पुऱ्या होत गेल्या. पंधरा मिनिटांनी सगळं पूर्ववत झालं, पण वेगापुढे नियमही धापा टाकतो हे त्या दिवशी दिसलं.

चीनची गोष्ट तर याहून बोलकी. त्यांनी १ जानेवारी २०१६ पासून नवाकोरा सर्किट ब्रेकर बसवला. ५ टक्क्यांवर पंधरा मिनिटांचा थांबा, ७ टक्क्यांवर दिवसभराची सुट्टी. दोन रेघांत अंतर फक्त २ टक्क्यांचं. झालं असं की ५ टक्क्यांचा थांबा संपताच प्रत्येकाला वाटलं, ७ ला शटर पडायच्या आत बाहेर पडू. म्हणून सगळे एकदम दाराकडे धावले, आणि त्या धावण्यानेच शटर पडलं. ४ जानेवारीला असं झालं, ७ जानेवारीलाही. त्या दुसऱ्या दिवशी बाजार अर्धा तासही चालला नाही. ८ जानेवारीपासून त्यांनी तो नियमच काढून टाकला. फाटक लागायच्या आत रूळ ओलांडू म्हणून जीपवाला गाडी दामटतो, तसं.

आता आपल्या सोयाबीनकडे येतो, कारण हे सगळं वाचत असताना माझ्या डोक्यात तेच होतं.

सोयाबीनचाही वायदे बाजार होता. एनसीडीईएक्स नावाच्या मुंबईतल्या बाजारात पुढच्या महिन्यांचे भाव आज ठरत, आणि आडत दुकानात ‘वायदा तुटला’ म्हणाले की पोटलीवर बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याचा हात आखडायचा. तिथेही स्टार्टर होता. भाव एका दिवसात ४ टक्क्यांपर्यंतच हलायचा. तिथे पोचला की १५ मिनिटांनी आणखी २ टक्क्यांची मोकळीक. चांगली घडी होती.

२०२१ च्या जुलै-ऑगस्टात सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला. घराघरात मात्र बियाण्यापुरतंही शिल्लक नव्हतं. नवा माल बाजारात यायला लागला तसा भाव पाच हजारांच्या घरात आला. त्यानंतर २० डिसेंबर २०२१ ला, महागाईची ओरड चालू असताना, सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले. नवे सौदे बंद, जुने फक्त मिटवायचे. मुदत एक वर्ष. वर्ष संपलं, मुदत वाढली. पुन्हा वाढली. मग काही आठवड्यांसाठी वाढली, मग महिन्यांसाठी, आणि मार्च २०२५ मध्ये ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली.

आडतीतला सौदा या काळात एक दिवसही थांबला नाही. मुठीत दाणे घेऊन ओलावा जोखणं, डागी बाजूला काढणं, बोली, काटा, पट्टी, सगळं चालूच होतं. २०२४ च्या दिवाळीत सरकारने ठरवलेला हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि यार्डात त्याहून कमीच मिळत होता. भाव पडायचा तो पडलाच. थांबला होता फक्त भावाचा फळा, ज्यावर पेरणीच्या वेळी काढणीचा अंदाज वाचता आला असता. वायद्यांनी सट्टा होतो, व्यापाऱ्यांचंच फावतं, असं म्हणणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत आणि त्यांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण १३ मार्चच्या थांब्यात आणि या थांब्यात एक फरक होता. तो थांबा सुरू झाला त्याच क्षणी संपायची वेळही सगळ्यांना ठाऊक होती. मिनिटासकट.

आपल्याच हातातला एक थांबा बघा. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवलं की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याज ६ टक्के, मुदत १८० दिवस. सुगीत भाव पडलेला असताना माल दाबून धरायची ही सोय, म्हणजे एका शेतकऱ्याचा खाजगी सर्किट ब्रेकरच. त्यातही दिवस मोजलेले असतात. ज्याच्याकडे तारण ठेवण्याइतकी पोती आहेत त्याने पडेल भावाला काटा करायच्या आधी बाजार समितीत एक चक्कर जरूर मारावी.

आणि सेबीला एवढंच सांगणं आहे: सोयाबीनच्या वायद्यांना पुन्हा हात लावाल, तेव्हा थांबा कोणत्या भावाला लागेल, किती दिवसांचा असेल आणि कोणत्या आकड्याला उठेल, ते आधी छापून द्या. शेअर बाजाराला जे पाऊण तासासाठी छापून दिलंत, ते आम्हाला हंगामासाठी द्या.